संरक्षण मागायला गेलेल्या दोघी : मद्रास उच्च न्यायालयातलं २०२१ चं प्रकरण

२०२१ च्या सुरुवातीला मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईला आल्या. एक २२ वर्षांची, दुसरी २० वर्षांची. त्यांचं एकमेकींवर प्रेम होतं आणि घरच्यांना ते समजलं होतं. आपल्याला एकमेकींपासून तोडतील ही भीती बसली, म्हणून त्या निघाल्या. चेन्नईत स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी त्यांना आसरा दिला. तिकडे दोन्ही घरांनी मुलगी बेपत्ता असल्याची तक्रार दिली, दोन स्वतंत्र गुन्हे नोंदले गेले आणि पोलीस माग काढत त्या राहत होत्या तिथे येऊन चौकशी करून गेले.

दोघी सज्ञान होत्या. कुणी पळवलं नव्हतं, कुणी डांबलं नव्हतं. तरी पोलीस दारात उभे राहिले, कारण तक्रार नोंदली गेली की तपास सुरू होतो, आणि आपल्याकडे अशा तपासाचा शेवट बहुतेक वेळा ‘मुलीला पालकांच्या ताब्यात दिलं’ या वाक्याने होतो. ते वाक्य आपल्या नशिबी येऊ नये म्हणून त्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. मागणं साधं होतं : पोलिसांनी छळू नये, घरच्यांपासून आमच्या जिवाला असलेला धोका ओळखून संरक्षण द्यावं.

कन्व्हर्जन थेरपीवर बंदी घाला असं काही त्यांनी मागितलं नव्हतं. पण भारतात समलिंगी माणसाला ‘बरं’ करण्याच्या उपचारांवर न्यायालयाने घातलेली पहिली स्पष्ट मनाई याच याचिकेतून आली. ती कशी आली, कुठपर्यंत पोहोचली आणि कुठे अडली, हे नीट मांडावं म्हणून हा लेख. दोघींची नावं न्यायालयाच्या कागदपत्रांत आहेत. मी ती इथे लिहीत नाही. त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू.

‘उपचार’ म्हणजे नेमकं काय

कन्व्हर्जन थेरपी म्हटलं की परदेशातलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. आपल्याकडे या गोष्टीला बहुधा नाव नसतं. मुलगा बोलून गेला की आई रडते, वडील गप्प होतात, मग एखादे काका ‘चांगल्या डॉक्टरांचा’ नंबर देतात. डॉक्टर झोपेच्या किंवा मन शांत करण्याच्या गोळ्या लिहून देतो, कधी संप्रेरकांची इंजेक्शनं देतो. समलिंगी चित्रं दाखवायची आणि त्याच वेळी विजेचा झटका द्यायचा, म्हणजे त्या भावनेची किळस बसेल, असा प्रकारही मनोविकारशास्त्राच्या नावाखाली झालेला आहे. कुणी समुपदेशक आठवड्याला एकदा बसवून ‘लहानपणी काय घडलं’ ते शोधत राहतो. डॉक्टरांनी गुण आला नाही की देवऋषी, भगत, अंगारे, नवस. आणि सगळ्यात सर्रास दिला जाणारा इलाज म्हणजे लग्न : ‘एकदा लग्न करून दिलं की होईल सगळं ठीक.’

वैद्यकशास्त्रात यातल्या कशालाही आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मनोविकारतज्ज्ञांच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की समलैंगिकता हा मानसिक आजार नाही. जो आजारच नाही त्यावर औषध देणारा डॉक्टर नेमकं काय करतो, हा प्रश्न त्यानंतर तरी वैद्यकीय परिषदांनी स्वतःला विचारायला हवा होता. त्यांनी तो विचारला नाही. विचारायला लावलं ते एका न्यायाधीशाने, तेही आडवळणाने.

कायदा होता, पण विखुरलेला

२०२१ पर्यंत कायदा कोरा नव्हता. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सजेंडर व्यक्तींना आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने भारतीय दंड संहितेच्या, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध वगळले.

या दोन निकालांची चर्चा भरपूर झाली. त्या मानाने मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ दुर्लक्षित राहिला, आणि आपल्या विषयाला तोच सर्वांत जवळचा आहे. त्याचं कलम ३ सांगतं की एखाद्याला मानसिक आजार आहे का हे देशात किंवा जगात मान्य असलेल्या वैद्यकीय मानकांवरच ठरवायचं. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींशी त्या माणसाचं पटत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम १८ लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देतं. सज्ञान माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात दाखल करायचं, तर कलम ८९ प्रमाणे दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून गंभीर मानसिक आजार असल्याचं नोंदवावं लागतं, आणि त्या कलमाखाली तेही ३० दिवसांपुरतंच. नुसती ‘मुलगी ऐकत नाही’ ही घरच्यांची तक्रार त्यात कुठेच बसत नाही.

म्हणजे हत्यारं होती. पण ती एकत्र करून ‘असले उपचार करू नका’ असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांना तर मुळीच नाही.

न्यायाधीशाने स्वतःला विद्यार्थी केलं

याचिका न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे आली. पहिल्या सुनावण्यांत त्यांनी दोघींशी आणि पालकांशी चेंबरमध्ये बोलून घेतलं. २९ मार्च २०२१ च्या आदेशात त्यांनी मान्य केलं की या विषयाबद्दल त्यांच्या स्वतःच्या मनात पूर्वग्रह आहेत आणि ते मोडण्याचा त्यांचा प्रयत्न चालू आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशात अशी कबुली सहसा वाचायला मिळत नाही.

मग त्यांनी दोघींना आणि पालकांना एका मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं. इथे मला थांबावंसं वाटतं. संरक्षण मागायला आलेल्या सज्ञान मुलींना न्यायालयाने समुपदेशनाला का पाठवावं? त्यांच्यात काही बिघडलं होतं का? ‘समुपदेशन’ या शब्दाचा आपल्या पोलीस ठाण्यांत आणि घरांत जो अर्थ आहे, समजावून सांगून घरी परत पाठवणे, तो लक्षात घेतला की ही पायरी धोक्याची वाटते. दुसऱ्या न्यायाधीशाकडे, दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे हेच प्रकरण गेलं असतं, तर याच पायरीवरून त्या दोघी पुन्हा मदुराईला पोहोचल्या असत्या.

इथे तसं घडलं नाही. मानसशास्त्रज्ञाच्या अहवालात दोघींबद्दल एवढंच होतं की आपल्या नात्याबद्दल त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नाही, आईवडिलांवर त्यांची माया आहे, त्यांच्यापासून दूर राहावं लागतंय याचं दुःख आहे आणि जबरदस्तीने वेगळं केलं जाईल अशी धास्ती आहे. अहवालाचा जड भाग पालकांचा होता. लोक काय म्हणतील, समाजात तोंड कसं दाखवायचं, मुलींच्या सुरक्षिततेचं काय, वंशाचं काय, हे सगळं त्यात होतं. आणि एक गोष्ट अशी, जी वाचून मी बराच वेळ पुढे जाऊ शकलो नाही : मुलीने दुसऱ्या मुलीसोबत संसार करण्यापेक्षा आयुष्यभर ब्रह्मचारी राहिलेलं त्या पालकांना जास्त प्रतिष्ठेचं वाटत होतं.

त्या आईवडिलांना राक्षस म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण हा त्यांचा दुष्टपणा नव्हता. लेकीने एकटीने म्हातारं व्हावं, पण तिला बोल लागू नये, असं वाटण्याइतकी त्या घरात लोकांची भीती मोठी होती. कन्व्हर्जन थेरपीचं गिऱ्हाईक याच भीतीतून तयार होतं. डॉक्टरची फी भरणारा माणूस बहुतेक वेळा वडीलच असतो.

२८ एप्रिलच्या सुनावणीत न्यायमूर्तींनी आणखी एक गोष्ट केली. निकाल लिहिण्याआधी हा विषय आपल्यालाच समजला पाहिजे, असं म्हणून त्यांनी त्याच मानसशास्त्रज्ञाकडे स्वतःसाठी सत्र मागितलं, आणि पुढच्या महिन्यात ते सत्र झालं. क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा व्यक्तींशी आणि एका ट्रान्स डॉक्टरच्या आईशीही त्यांचं बोलणं झालं. आपला शब्द डोक्यातून न येता मनातून यावा, तो पूर्ण समजेतून यावा, अशी त्यामागची त्यांची भूमिका होती. नंतरच्या आदेशात त्यांनी त्या मानसशास्त्रज्ञाला या विषयातला आपला गुरू म्हटलं. समलैंगिकता पूर्ण न समजलेल्या बहुसंख्यांपैकीच आपणही एक होतो, पण अज्ञान हे भेदभावाचं समर्थन होऊ शकत नाही, असंही त्यांनी लिहिलं.

यावर टीका करता येते. न्यायाधीशाला आतून पटेपर्यंत नागरिकाने हक्कासाठी थांबायचं का? घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, न्यायमूर्तींच्या अनुभूतीवर अवलंबून नाही. ही टीका मला मान्य आहे. तरीही असं वाटतं की ते सत्र झालं नसतं, तर आदेश दोन पानांचा झाला असता : दोघी सज्ञान आहेत, पोलिसांनी त्रास देऊ नये, याचिका निकाली. दोघींना तेवढं पुरलं असतं. पुढच्या मुलीला त्याचा काही उपयोग झाला नसता.

७ जूनचा आदेश

७ जून २०२१ चा आदेश शंभराहून जास्त पानांचा आहे आणि मुद्दाम अंतरिम ठेवलेला आहे. न्यायमूर्तींनी याचिका निकाली काढलीच नाही. ती जिवंत ठेवली, ठरावीक काळाने सुनावणी घेत राहिले आणि प्रत्येक वेळी सरकारी खात्यांना ‘केलं का?’ असं विचारत राहिले. पुढे जे काही घडलं ते या एका निर्णयामुळे, असं माझं ठाम मत आहे. नुसती मार्गदर्शक तत्त्वं देऊन फाइल बंद केली की ती तत्त्वं कपाटात जातात.

आदेशातली पोलिसांसाठीची सूचना थेट या प्रकरणातून आली होती. बेपत्ता असल्याच्या तक्रारीत माणूस सापडला, तो सज्ञान आहे आणि एलजीबीटीक्यू समुदायातला आहे असं दिसलं, तर त्याचा जबाब घ्यायचा आणि छळ न करता तक्रार बंद करायची. ऐकायला किरकोळ वाटतं. पण घरातून निघालेल्या मुलीसाठी सगळ्यात पहिला धोका डॉक्टरचा नसतो, पोलीस ठाण्याचा असतो. तिथून ती घरी गेली की मग डॉक्टर, भगत, लग्न हे सगळं सुरू होतं. त्या साखळीची पहिली कडी न्यायालयाने बरोबर पकडली.

दुसरी सूचना उपचारांची : लैंगिक कल वैद्यकीय मार्गाने ‘बरा’ करण्याचा किंवा बदलण्याचा, ट्रान्सजेंडर व्यक्तीचा लिंगभाव पालटण्याचा प्रयत्न करण्यास मनाई, आणि जो व्यावसायिक यात गुंतेल त्याच्यावर कारवाई, परवाना काढून घेण्यापर्यंत. यात वयाची अट नाही, हे लक्षात घ्या. ज्या देशांत असे कायदे झाले तिथे बऱ्याचदा संरक्षण १८ वर्षांखालच्या मुलांपुरतं ठेवलं गेलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या बोका रॅटन शहराने २०१७ मध्ये केलेला स्थानिक नियम फक्त अल्पवयीन मुलांवर उपचार करणाऱ्या परवानाधारक समुपदेशकांना लागू होता. २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तोही समुपदेशकाच्या भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर, दोन विरुद्ध एक मतांनी अडवला. आपल्याकडे ही पूर्ण सज्ञान मुलींचीच गोष्ट होती आणि न्यायालयानेही मनाई वयाच्या कुंपणात घातली नाही. ज्या समाजात तिशीतल्या माणसाचंही लग्न, घर आणि खर्च आईवडील ठरवतात, तिथे १८ व्या वाढदिवशी दबाव संपतो असं मानणं चूक ठरलं असतं.

बाकी सूचना अनेक खात्यांसाठी होत्या : निवारागृहं, मदत करणाऱ्या संस्थांची यादी, तुरुंग, शाळा-महाविद्यालयं, पोलीस आणि न्यायाधीशांचं प्रशिक्षण.

नंतर काय हललं

पोलिसांचं आधी सांगतो. जूनच्या आदेशानंतरही कार्यकर्त्यांना आणि जोडप्यांना त्रास झाल्याच्या तक्रारी न्यायालयापुढे आल्या. तेव्हा नुसत्या प्रशिक्षणाने भागणार नाही, सेवानियमांतच तरतूद करा, असं न्यायालयाने सांगितलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने पोलिसांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत २४-सी हा नियम घातला : एलजीबीटीक्यू समुदायातल्या व्यक्तीला किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्याला पोलिसाने त्रास द्यायचा नाही. दिला तर शिस्तभंगाची कारवाई. कायदेशीर चौकशीचा अधिकार अर्थातच शाबूत ठेवला आहे. राज्य सरकारने एका अधिसूचनेने करावी आणि ठाण्यातल्या शिपायापर्यंत पोहोचावी अशी ही तरतूद आहे. कुठल्याही राज्याला, महाराष्ट्रालाही, ती उद्या करता येईल. संसदेची वाट पाहायची गरज नाही.

वैद्यकीय बाजू जास्त रेंगाळली. एमबीबीएसच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात आणि पुस्तकांत समलैंगिकता गुन्हा किंवा विकृती म्हणून शिकवली जात होती. याच प्रकरणाच्या ओघात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विद्यापीठांना आणि पुस्तकलेखकांना असा मजकूर टाळण्याची सूचना दिली. मग ८ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने आयोगाला सांगितलं की कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं स्पष्ट कळवा. २५ ऑगस्ट २०२२ रोजी आयोगाने सर्व राज्य वैद्यकीय परिषदांना तसं पत्र पाठवलं. आधार घेतला तो डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांचा. त्या नियमांत परिषदेला यादीत नसलेलं वर्तनही गैरवर्तन ठरवता येतं.

त्या पत्राचं महत्त्व असं की ते चेन्नईपुरतं नाही. एका राज्याच्या उच्च न्यायालयात दोन मुलींनी मागितलेल्या संरक्षणातून नागपूरच्या, कोल्हापूरच्या, लातूरच्या डॉक्टरलाही लागू होणारा नियम तयार झाला.

पण हा बदल किती तकलादू आहे हे दोनच वर्षांत दिसलं. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी आयोगाने वैद्यकीय शिक्षणाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली, आणि त्यात न्यायवैद्यकाच्या भागात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’च्या रांगेत जाऊन बसले. दंड संहितेच्या जागी आलेली, कलम ३७७ नसलेली भारतीय न्याय संहिता लागू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. ओरड झाली आणि काही दिवसांतच, ५ सप्टेंबरला, ती तत्त्वं मागे घेतली गेली. चूक सुधारली हे खरं. पण तो मजकूर लिहिला जातो, तपासला जातो, मंजूर होतो आणि प्रसिद्धही होतो, या सगळ्या टप्प्यांवर एकालाही खटकत नाही, याची मला काळजी वाटते. उद्या मुलाला घेऊन आलेल्या बापाला ‘याला काही झालेलं नाही’ असं सांगण्याची जबाबदारी अशाच अभ्यासक्रमातून शिकलेल्या डॉक्टरवर येणार आहे.

पत्राचा हात कुठपर्यंत पोहोचतो

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं पत्र बांधतं ते नोंदणीकृत ॲलोपॅथिक डॉक्टरला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे आयोग वेगळे. आणि ‘समुपदेशक’ अशी पाटी तर कसलीही नोंदणी नसलेला माणूसही दारावर लावू शकतो. म्हणजे झटके देणारा मनोविकारतज्ज्ञ पत्राच्या कक्षेत आला, पण दर शनिवारी दोन तास मुलाला ‘पुरुषासारखं’ चालायला शिकवणारा कुणी ‘लाइफ कोच’ आला नाही.

जो कक्षेत आला, त्याच्याबाबतही तक्रार पीडित माणसाने करायची आहे. तो बहुतेक वेळा घरच्यांच्या पैशावर, घरच्यांच्या छताखाली असतो, आणि डॉक्टरकडे त्याला घरच्यांनीच नेलेलं असतं. त्याच्या हातात चिठ्ठीसुद्धा नसते. राज्य वैद्यकीय परिषदेने तक्रार सहा महिन्यांत निकाली काढावी असा नियम आहे. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत वर अपील करता येतं. शिक्षा जास्तीत जास्त म्हणजे नोंदवहीतून नाव काढणं, काही काळापुरतं किंवा कायमचं. तुरुंग नाही, आणि ज्याचं तारुण्य गोळ्यांच्या गुंगीत गेलं त्याला भरपाईही नाही.

म्हणून अशा प्रसंगातून गेलेल्या कुणाशीही बोलताना मी आधी कागदांबद्दल विचारतो. आचारसंहितेच्या याच २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने नोंदी ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात, आणि दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही स्वतःच्या नोंदी मिळण्याचा हक्क आहे. चिठ्ठीवर काय निदान लिहिलं आहे, कोणतं औषध, कोणत्या तारखेपासून, सही कुणाची, हे हाती आलं की तक्रारीला पाय फुटतात. त्याच कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे कायद्याचा भंग पहिल्यांदा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आजार नसताना दाखल केलेल्या माणसासाठी ही वाट परिषदेच्या वाटेपेक्षा धारदार आहे. ती जास्त वापरली जावी असं मला मनापासून वाटतं.

घरातल्या जबरदस्तीसाठी आणखी एक कायदा आहे, ज्याकडे या संदर्भात कुणी बघत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनेसाठी नाही. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणारी मुलगीसुद्धा वडिलांविरुद्ध, भावाविरुद्ध त्याखाली संरक्षण मागू शकते. खोलीत कोंडणं, फोन काढून घेणं, मारहाण, सतत अपमान, हे त्यात बसतं. समलिंगी मुलग्यांना मात्र हा आधार नाही. त्यांच्यासाठी डांबून ठेवण्याच्या आणि मारहाणीच्या साध्या फौजदारी कलमांवरच भागवावं लागतं.

देवऋषी आणि महाराष्ट्राचा कायदा

भगताकडे नेलेल्या मुलासाठी मात्र महाराष्ट्रात असं काहीतरी आहे जे बहुतेक राज्यांत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला. त्याच्या अनुसूचीतला पहिलाच प्रकार वाचा : भूत उतरवण्याच्या बहाण्याने एखाद्याला दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, केस उपटणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

या कायद्यात लैंगिक कलाचा शब्दही नाही. पण ‘हिला बाहेरचं लागलंय, म्हणून ही लग्नाला नाही म्हणते’ असं म्हणून जेव्हा मुलीला बांधून धुरी दिली जाते, तेव्हा ती कुणावर प्रेम करते याचा उल्लेख फिर्यादीत असायचीही गरज उरत नाही. जे केलं ते अनुसूचीत आहे, तेवढं पुरे. स्वतःबद्दल पोलिसांपुढे काही बोलायची तयारी नसलेल्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आणि क्वीअर संस्था यांनी या मुद्द्यावर एकत्र बसावं, ही माझी जुनी इच्छा इथे नोंदवून ठेवतो. मद्रासचा आदेश डॉक्टरपर्यंत पोहोचतो, आपला कायदा भगतापर्यंत. मधल्या अनोंदणीकृत समुपदेशकाला आज दोन्हीकडून मोकळं रान आहे, आणि ते बंद करायला विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला स्वतंत्र कायदाच लागेल. माल्टाने असा कायदा २०१६ मध्येच केला. कॅनडात जानेवारी २०२२ पासून कुणालाही कन्व्हर्जन थेरपी देणं हा गुन्हा आहे, देणारा डॉक्टर असो वा धर्मगुरू.

सर्वोच्च न्यायालयात ही संधी एकदा जवळ आली होती. १७ ऑक्टोबर २०२३ च्या विवाहसमानतेच्या निकालात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लैंगिक कल बदलण्याचे उपचार थांबवण्याचे आणि समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत पोलिसांनी कसं वागावं याचे निर्देश लिहिले होते. पण त्यांचं मत अल्पमतात होतं, त्यामुळे ते निर्देश बंधनकारक झाले नाहीत. मार्च २०२४ मध्ये मात्र त्यांच्याच खंडपीठाने देशभरच्या न्यायालयांना बजावलं की डांबून ठेवलेल्या क्वीअर व्यक्तीला हजर करण्याची याचिका आली, तर तिच्याशी एकांतात बोला, घरच्यांचा दबाव ओळखा आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलण्याचा प्रयत्न करू नका. मद्रासमध्ये २०२१ ला जी पायरी एका संवेदनशील मानसशास्त्रज्ञामुळे निभावली, तिथे आता निदान कठडा आहे.

मे २०२५

आणि तरीही. मे २०२५ मध्ये त्याच मद्रास उच्च न्यायालयात, या वेळी दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे, एक याचिका आली. २५ वर्षांच्या तरुणीला तिच्या घरच्यांनी अडकवून ठेवलं होतं आणि तिची मैत्रीण तिला सोडवायला न्यायालयात आली होती. त्या तरुणीने न्यायाधीशांना सांगितलं की तिला जबरदस्तीने घरी नेण्यात आलं, मारहाण झाली आणि ती ‘नॉर्मल’ व्हावी म्हणून काही विधी करायला लावले. मदतीसाठी पोलिसांकडे धाव घेतली होती, पण तिथे तिला आईवडिलांसोबतच जायला भाग पाडलं गेलं. बेपत्ता तक्रारींबाबतचा आदेश तोवर चार वर्षांचा झाला होता आणि नियम २४-सी तीन वर्षांचा.

पीठाने पोलिसांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले, स्वतः निवडलेलं कुटुंब हेही कुटुंबच असतं असं म्हटलं, घरच्यांनी तिच्या स्वातंत्र्याच्या आड येऊ नये असं बजावलं आणि तिला हवं तिथे जाण्याची मोकळीक दिली. तिची आई न्यायालयात हजर होती. मैत्रिणीने आपल्या लेकीला वाट चुकवली, असं ती न्यायाधीशांना सांगत होती. न्यायाधीशांनी तिची समजूत घालून पाहिली, ती पटली नाही. मुलगी मैत्रिणीसोबत गेली.